ब्रिटनमधील घरगुती बॉयलर : झीज, इंधन आणि कायदा

ब्रिटनमध्ये हिवाळ्यात घर उबदार ठेवणारा बॉयलर स्नानाचे पाणी तापवणाऱ्या बंबाहून निराळा असतो. त्यात तापलेले पाणी नळ्यांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत, म्हणजे भिंतीलगतच्या धातूच्या पोकळ फलकांत, फिरते आणि उष्णता देऊन पुन्हा बॉयलरकडे परतते. ही व्यवस्था 1972 साली तेथील सुमारे 37 टक्के घरांतच होती. पुढे ती सर्वत्र पसरली. मात्र जुना बॉयलर कधी बदलायचा, हे यंत्राच्या झिजेइतकेच इंधन आणि कायदा यांतील बदलांनीही ठरवले.

डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर पसरलेल्या विषारी धुक्यानंतर 1956 चा स्वच्छ हवा कायदा आला, त्यानुसार धूर-नियंत्रित क्षेत्रे ठरवण्यात आली आणि साध्या दगडी कोळशाच्या घरगुती शेगड्यांवर मर्यादा आली. 1965 साली उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडल्यावर, कोळशापासून तयार होणाऱ्या शहरी वायूची जागा त्याने घ्यावी असे ठरले. नव्या वायूचे उष्मांक-मूल्य जवळपास दुप्पट असल्यामुळे जुने बर्नर निरुपयोगी ठरले आणि 1967 ते 1977 या काळात कामगारांनी घरोघरी जाऊन सुमारे चार कोटी उपकरणे जुळवून घेतली. या बदलात घरमालकाला निवड नव्हती; तरीही बर्नर बदलून बहुतेक जुनी यंत्रे चालू ठेवता आली.

पुढचा बदल यंत्रावरच येऊन ठेपला. एरवी धुराड्यावाटे वाया जाणारी वाफ थंड करून तिच्यातील सुप्त उष्णता मिळवणारा, म्हणजे संघनन करणारा, बॉयलर सुमारे 90 टक्के कार्यक्षमता गाठू शकतो. त्यासाठी परतणारे पाणी साधारण 55 अंश सेल्सिअसपेक्षा थंड असावे लागते. 1 एप्रिल 2005 पासून इंग्लंड व वेल्समध्ये, अपवादात्मक अडचणी वगळता, नवा गॅस बॉयलर याच प्रकारचा असणे बंधनकारक झाले. जानेवारी 2010 मध्ये ब्रिटिश शासनाने इंग्लंडमध्ये 70 टक्क्यांहून कमी कार्यक्षमतेच्या ‘जी’ श्रेणीतील बॉयलर काढणाऱ्यांना 400 पौंडांचे साहाय्य देऊ केले, आणि त्यासाठी जुना बॉयलर चालू स्थितीत असणे ही अट होती, म्हणजे यंत्र बंद पडण्यापूर्वीच ते मोडीत निघावे हा हेतू उघड होता.

2022 मध्ये सुरू झालेल्या योजनेत इंग्लंड व वेल्समधील घरांना बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून घेणाऱ्या उष्णता-पंपासाठी अनुदान मिळू लागले, जे ऑक्टोबर 2023 मध्ये 7,500 पौंड झाले. हा पंप कमी तापमानाच्या पाण्यावर उत्तम चालतो, त्यामुळे अनेक घरांत मोठे रेडिएटर आणि भिंती-छतांचा उष्णतारोध यांचाही विचार करावा लागतो. म्हणून जुना बॉयलर बदलावा की नाही, याचा निर्णय त्याच्या वयावरून घेणे अपुरे आहे. घराची उष्णता किती टिकते आणि पुढील दोन दशकांत कोणते इंधन परवडणारे व कायद्याला मान्य राहील, हे आधी तपासले पाहिजे.