खान्देशी वरातीतला बँजो

जळगाव-धुळ्याकडे वरातीत वाजणारा ‘बँजो’ म्हणजे अमेरिकी बँजो नव्हे, ते बुलबुलतरंग. जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये घडवलेल्या ताइशोगोतोचा हा भारतीय अवतार. डाव्या हाताची बोटं टाइपरायटरसारख्या बटणांवर, उजव्या हातात तारा छेडायची नखी. स्वरलिपीच्या वाटेला वादक सहसा जात नसत; चाली ऐकूनच उचलत. १९५२ पासून रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ हा हिंदी सिनेगीतांचा कार्यक्रम लागे. गाणं पुन्हा कधी कानी पडेल याचा नेम नसे, म्हणून चाल तिथल्या तिथे धरावी लागे. कॅसेट आली आणि अडलेला तुकडा मागे नेऊन दहादा ऐकता येऊ लागला. खरी क्रांती तीच. आताची पोरं ‘हाई झुमकावाली पोर’सारख्या अहिराणी गाण्याची चाल यूट्यूबवर वाजवणाऱ्याची बोटं बघून उचलतात.