विवेकी व्यसन सिद्धान्त

विवेकी व्यसन सिद्धान्त : तंबाखू, मद्य, अफूजन्य पदार्थ अशा सवय लावणाऱ्या वस्तूंचे सेवनही, त्याचे पुढील परिणाम हिशेबात धरून केलेली निवड म्हणून समजावून घेता येते, असे प्रतिपादन करणारा अर्थशास्त्रातील सिद्धान्त. शिकागो विद्यापीठातील गॅरी बेकर (१९३०–२०१४) व केव्हिन मर्फी यांनी तो १९८८ मध्ये ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ या नियतकालिकात मांडला. आरोग्य, करनीती आणि मानवी निवडीचे शास्त्र यांची सांगड घालणाऱ्या लेखनात तो सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या सिद्धान्तांपैकी एक आहे. त्याच्या नावातील ‘विवेकी’ हा शब्द मराठी वाचकाला अडखळवणारा आहे, कारण संतवाङ्मयापासून मराठीत ‘विवेक’ म्हणजे सार-असार ओळखण्याची बुद्धी, आणि व्यसन तर तिचा लोप मानले जाते. येथे मात्र त्या शब्दाचा अर्थ फारच मर्यादित आहे : व्यक्तीच्या आवडीनिवडी परस्परांशी सुसंगत असतात, आणि हाती असलेला पैसा व माहिती यांच्या मर्यादेत ती स्वतःच्या दृष्टीने सर्वांत समाधानकारक मार्ग निवडते, एवढेच त्यात गृहीत धरलेले असते. निवड हितकारक असते, असा दावा त्या शब्दात नाही.

सिद्धान्ताची बीजे बेकर यांनी जॉर्ज स्टिग्लर यांच्यासह १९७७ मध्ये लिहिलेल्या निबंधात आढळतात. माणसांच्या वागण्यातील फरक त्यांच्या रुचीतील फरकांनी स्पष्ट करणे म्हणजे स्पष्टीकरण टाळणे होय, किंमत व उत्पन्न यांतील फरकांकडेच पाहिले पाहिजे, अशी त्या निबंधाची भूमिका होती. १९८८ च्या मांडणीत ती व्यसनाला लावताना पूर्वीच्या सेवनाचा माणसात साचत जाणारा ‘साठा’ ही मध्यवर्ती कल्पना ठरली. हा साठा वाढला की दोन गोष्टी घडतात : तेवढ्याच मात्रेतून मिळणारे समाधान घटते, म्हणजे सहनशक्ती वाढते, आणि त्याच वेळी पुढच्या मात्रेची ओढ वाढते, म्हणजे कालचे सेवन आजच्या सेवनाला बळ देते. ही ओढ पुरेशी तीव्र असेल तर सेवनाच्या दोन स्थिर पातळ्या संभवतात, एक शून्याजवळची व दुसरी बरीच वरची. त्यांच्या मधली अवस्था टिकत नाही. तीव्र व्यसन हळूहळू कमी होण्याऐवजी एका झटक्यात का सुटते, आणि बेकारी किंवा घटस्फोटासारखा तात्पुरता आघात माणसाला कायमचा वरच्या पातळीवर का ढकलतो, याचा उलगडा बेकर व मर्फी यांनी यातून केला.

या मांडणीतून निघणारे काही निष्कर्ष पडताळून पाहता येण्याजोगे होते, आणि हेच तिचे खरे सामर्थ्य. व्यसनी माणूस किमतीला दाद देत नाही, हा समज तिने थेट नाकारला. उलट, कायमस्वरूपी दरवाढीचा परिणाम साठा घटत जाईल तसा वर्षागणिक वाढत जातो. पुढे होणाऱ्या दरवाढीची चाहूल लागली तरी आजचे सेवन कमी होते. आणि तरुण व गरीब लोक पैशांतील किमतीला, तर सधन लोक आरोग्यावरील धोक्याच्या माहितीला अधिक प्रतिसाद देतात. बेकर, मर्फी व मायकेल ग्रॉसमन यांनी १९९४ मध्ये अमेरिकी राज्यांच्या १९५५ ते १९८५ या काळातील आकडेवारीवरून असा अंदाज काढला की, सिगारेटची किंमत कायमची १० टक्के वाढवल्यास सेवन लगेच सुमारे ४ टक्के आणि दीर्घ काळात सुमारे ७.५ टक्के घटते. तंबाखूवरील करवाढीने फक्त महसूल वाढतो, आरोग्याला लाभ होत नाही, हा युक्तिवाद अशा अभ्यासांनी दुबळा केला.

आकडेवारीची ही साक्ष मात्र सरळ नव्हती. पुढील वर्षीच्या सेवनाशी आजचे सेवन जुळते, एवढ्यावरून दूरदृष्टी सिद्ध होते का, असा आक्षेप घेतला गेला. ख्रिस्तोफर ऑल्ड व पॉल ग्रूटेनडोर्स्ट यांनी २००४ मध्ये हीच पद्धत कॅनडातील दूध, अंडी, संत्री व सफरचंदे यांच्या खपाला लावली, तेव्हा दूध सिगारेटपेक्षा अधिक व्यसनकारक ठरले. जी कसोटी दुधाला व्यसन ठरवते तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही, हा त्याचा अर्थ स्पष्ट आहे. जोनाथन ग्रुबर व बोटोंड कोसेगी यांनी (२००१) वेगळी वाट धरली : जाहीर झालेल्या पण अद्याप लागू न झालेल्या करवाढीच्या काळात लोक साठेबाजी करत असल्याने विक्री वाढते, परंतु प्रत्यक्ष धूम्रपान घटते, असे त्यांना आढळले. म्हणजे धूम्रपान करणारे भविष्याकडे पाहतात, हे बेकर व मर्फी यांचे म्हणणे टिकले.

वाद उरला तो पुढच्या पायरीवर. व्यक्ती विचारपूर्वक व्यसन पत्करत असेल, तर स्वतःच्या आरोग्याची हानी हा तिचा खाजगी व्यवहार ठरतो, आणि सरकारने फक्त इतरांना होणाऱ्या उपद्रवापुरता, उदाहरणार्थ दुसऱ्याच्या धुरापुरता, कर लावावा असा निष्कर्ष निघतो. हा निष्कर्ष सिद्धान्ताच्या सर्वांत कच्च्या गृहीतकावर उभा आहे : आजचा माणूस व उद्याचा माणूस यांचे मत एकच असते. ‘उद्यापासून सोडतो’ म्हणणारा आणि उद्या पुन्हा पुडी फोडणारा माणूस या चौकटीत बसत नाही. नजीकच्या क्षणाला अवाजवी वजन देण्याच्या या प्रवृत्तीला डेव्हिड लेब्सन यांनी १९९७ मध्ये गणिती रूप दिले होते. ग्रुबर व कोसेगी यांनी ती प्रवृत्ती व्यसनाच्या मांडणीत आणली आणि दाखवले की, ती धरल्यास माणसाने स्वतःच्याच पुढच्या आयुष्यावर लादलेली हानीही करात मोजावी लागते व योग्य कर सिगारेटच्या पाकिटामागे निदान एक डॉलरने वाढतो.

स्वतःला बांधून घेण्याची इच्छा हा या प्रवृत्तीचा सर्वांत बोलका पुरावा होय. शंभर टक्के विवेकी व्यक्तीला स्वतःच्या वाटा बंद करण्याची गरज पडू नये. फिलिपिन्समध्ये झेव्हिअर जिने, डीन कार्लन व जोनाथन झिनमन यांनी (२०१०) धूम्रपान करणाऱ्यांना एक बिनव्याजी बचत खाते देऊ केले : सहा महिन्यांनी लघवीच्या तपासणीत निकोटीन आढळले नाही तर पैसे परत, आढळले तर ते दानात. अवघ्या ११ टक्के लोकांनी ही अट पत्करली. तरीही देकार मिळालेल्या गटात तपासणीत उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण इतरांपेक्षा सुमारे ३ टक्के बिंदूंनी अधिक राहिले.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा विचार सिगारेटपुरता ठेवून चालत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करत होते. एकूण प्रौढांत धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर तंबाखू-चुना, खर्रा, गुटखा, मशेरी अशा धूरविरहित प्रकारांचे सेवन करणारे २४.४ टक्के होते. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्यात गुटख्यावर बंदी आली आणि पुढे ती सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारीपर्यंत वाढवण्यात आली. सिद्धान्ताच्या परिभाषेत बंदी हीसुद्धा एक दरवाढच आहे, कारण चोरट्या मालाची खरी किंमत म्हणजे पैसे, शोधण्यातला वेळ आणि पकडले जाण्याची जोखीम यांची बेरीज. ही वाढ किती टिकेल याबद्दलचा अंदाज परिणाम ठरवत असल्याने, दरवर्षी नव्याने काढाव्या लागणाऱ्या आदेशाचा धाक स्थायी कायद्याइतका राहीलच असे नाही. शिवाय पानमसाला व तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांतून विकून ग्राहकाच्या हातून मिसळण्याची पळवाट निघाली की किंमत जवळजवळ पूर्ववत होते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने सुट्या सिगारेटी व विड्यांच्या विक्रीवरही बंदी घातली. खिशात पाकिटाचे पैसे नसलेला शाळकरी मुलगा पहिली सिगारेट सुटीच विकत घेतो, आणि साठा शून्य असलेल्या त्याच वयात किंमत सर्वांत परिणामकारक ठरते.