मूळ प्रत कोणती? : वाशीममधील एका बुलेटच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने

देऊळ खचले की आपण त्याचा जीर्णोद्धार करतो, पोथीत अशुद्धे शिरली की पाठशुद्धी करतो. यंत्र बिघडले की मात्र आपण त्याची केवळ दुरुस्ती करतो. पहिल्या दोन शब्दांत भूतकाळाविषयीची काहीएक जबाबदारी गृहीत आहे, तिसऱ्यात ती नाही. जुनी मोटारसायकल घरी उघडून पुन्हा उभी करण्याचा उद्योग आम्ही दोघा सहकाऱ्यांनी आरंभला तेव्हा आमच्याही मनात दुरुस्तीपलीकडे काही नव्हते. काम संपता संपता मात्र, वर्गात वर्षानुवर्षे शिकवलेला संहिताचिकित्सेचा प्रश्नच आमच्यापुढे ग्रीस-ऑइलने माखून उभा राहिला. त्या प्रश्नाचा हा वृत्तान्त.

गाडी १९७४ सालची, ३५० सी.सी.ची बुलेट. आमच्यापैकी एकाच्या वडिलांनी ती नवी घेतली. महाराष्ट्रात १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदी योजना लागू झाली होती आणि ते त्या योजनेत ग्रेडर होते. वाशीम, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा अशी केंद्रे हंगामात पालथी घालायची, गाडीतला कापूस हातात घेऊन धाग्याची लांबी, ओल, कवडी पाहायची आणि प्रत ठरवायची, हे त्यांचे काम. शेतकऱ्याला काय भाव मिळणार हे त्या ‘प्रती’वर ठरे. नमुन्यांसाठी त्यांनी गाडीच्या डाव्या अंगाला पत्र्याची एक पेटी बसवून घेतली. तिचा कोनपट्टीचा आधार गावातल्या लोहाराने थेट चेसिसला वेल्डिंग करून जोडला होता. निवृत्तीनंतर गाडी पडवीत गेली. वडील गेले आणि पुढची अकरा वर्षे तिच्यावर फक्त धूळ बसली.

या गाडीच्या वंशाचा इतिहास पाठपरंपरेच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटावा असा आहे. इंग्लंडमधील रेडिच येथे रॉयल एनफिल्ड या नावाची पहिली मोटारसायकल १९०१ मध्ये तयार झाली. ‘बुलेट’ हे नाव १९३२ चे. स्वातंत्र्यानंतर भारतीय लष्कराला सीमेवरील गस्तीसाठी दणकट गाड्या हव्या होत्या आणि त्यासाठी बुलेटची निवड झाली. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीत एनफिल्ड इंडियाची स्थापना झाली. आरंभी सुटे भाग जहाजाने यायचे आणि मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे त्यांची जुळणी व्हायची. पुढे काही वर्षांतच सगळे भाग येथेच होऊ लागले. दरम्यान तिकडे इंग्लंडमध्ये मूळ कंपनी खालावत गेली, १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद झाला आणि १९७० मध्ये तेथील उत्पादनच थांबले. मद्रासची गाडी मात्र जवळजवळ १९५५ च्याच रूपात तयार होत राहिली. १९७७ पासून तर ती इंग्लंड-युरोपात निर्यात होऊ लागली. म्हणजे मूळ हस्तलिखित नष्ट झाले, दूरदेशी केलेली नक्कल टिकली, आणि मूळ गावाने आपला ग्रंथ त्या नकलेवरून पुन्हा वाचला.

वाशीमकरांना असे भाग्य नवे नाही. हे गाव म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. विदर्भातील याच नगरात राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावला आहे. येथील राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचले. ते काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धन, भोज यांच्यासारख्या साहित्यशास्त्रज्ञांनी केलेल्या उल्लेखांतून आणि अवतरणांतून ते आपल्याला ठाऊक आहे. वाकाटकांची वत्सगुल्म शाखा इतिहासात निश्चित झाली तीही १९३९ मध्ये उजेडात आलेल्या वाशीमच्या ताम्रपटामुळे. अर्ध्यामुर्ध्या अवशेषांवरून गतकाळ वाचण्याची सवय या मातीला आहे. आम्हांला ती असायला हवी होती. आरंभी ती नव्हती, हे खेदाने नमूद करावे लागते.

काम आम्ही घराच्या मागच्या अंगणात सुरू केले. एका जुन्या मेस्तरींनी रविवारी येऊन शिकवायचे कबूल केले होते. सर्वांत आधी त्यांनी आम्हांला पाने-पेंचीस धरू दिलेच नाहीत. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यायला लावले आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत घालून त्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लावल्या. इंजिन उतरवले, डिझेलमध्ये धुतले. सिलिंडरला आतून ओरखडे पडले होते, म्हणून तो अकोल्याच्या लेथवर नेऊन बोअर केला आणि एक माप मोठा पिस्टन घातला. व्हॉल्व्ह आम्ही घरीच पेस्ट लावून घासले. या इंजिनाच्या पुशरॉड जुळवण्याची रीत पुस्तकी मापाची नाही: इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांनी मोकळी फिरली पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. पॉइंटमधील फट मात्र मोजूनच ठेवायची, ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, ही जुन्या बुलेटची मांडणी. नव्या गाड्यांवर शिकलेला पाय तीवर हमखास चुकतो. कार्ब्युरेटर मूळचा नव्हता, मधल्या कोण्या दुरुस्तीत त्या जागी मिककार्ब आला होता. मागची साखळी तिसरी होती, आसन दुसरे होते, सायलेन्सर कितवा होता ते घरातही कोणाला आठवेना.

इथपर्यंत सारे ठीक चालले होते. मग आमच्या हातून चूक घडली.

पेटीला काळा रंग होता आणि तो जागोजागी फुगला होता. एका दुपारी मेस्तरी नसताना आम्ही पॉलिश कागद घेऊन तिचे झाकण घासायला बसलो. अर्धेअधिक झाकण उघडे झाल्यावर उरलेल्या काळ्या रंगाखाली पांढरट काही दिसले. हात थांबले तेव्हा ‘जा’ एवढे एकच अक्षर शिल्लक होते. जुना अल्बम काढून पाहिला. १९७८ च्या एका छायाचित्रात वडील गाडीजवळ उभे आहेत आणि पेटीवर त्यांच्या वळणदार अक्षरांत केंद्रांची नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत. सर्वांत खाली ‘कारंजा’. ती नावे त्यांनी स्वतः ब्रशने लिहिली होती, हे आईने सांगितले. दोन पोरसवदा विद्यार्थ्यांनी हस्तलिखित स्वच्छ करायच्या उत्साहात समासातील टिपा खोडून टाकाव्यात, तसा हा प्रकार झाला. फरक इतकाच की आम्ही विद्यार्थी नव्हतो.

दुसऱ्या रविवारी मेस्तरी आले. आमचे पडलेले चेहरे त्यांना कळले नाहीत. ते सहज म्हणाले, “सर, हे पेटी कापूनच टाकू. कंपनीतून आल्तीच नाही थे. मंग पाहा गाडी कशी दिसते!” त्यांचे म्हणणे कारागिराच्या दृष्टीने चूक नव्हते. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशी करणे, हाच जीर्णोद्धाराचा सर्वमान्य आदर्श आहे आणि कायद्यानेही तोच उचलून धरला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या आणि चेसिस, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी-चारचाकींना त्यात व्हिंटेजचा दर्जा मिळतो. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये. अशी गाडी प्रदर्शनाला, तांत्रिक संशोधनाला, व्हिंटेज रॅलीला, तसेच इंधन भरायला आणि देखभालीसाठी नेता येते. नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

आमच्या गाडीची पन्नाशी २०२४ मध्ये भरली. पेटीचा आधार कापला, चेसिसवरचे वेल्डिंग घासून सपाट केले, जुना कार्ब्युरेटर कुठून तरी मिळवला, तर हा मान मिळवण्याच्या वाटेला लागता आले असते. आणि म्हणूनच प्रश्न टोकदार झाला: या गाडीचे ‘मूळ रूप’ कोणते? मद्रासच्या फाटकातून ती बाहेर पडली त्या दिवसाचे, की वऱ्हाडच्या काळ्या मातीत तिने पंचवीस हंगाम काढले त्या काळाचे?

आपल्या परंपरेत या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि तीत कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. विसाव्या शतकात राजवाड्यांनी १९०९ मध्ये ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत प्रसिद्ध केली तीही आद्य रूपाच्या ओढीनेच. येथे प्रक्षेप हा दोष आहे. दुसरे उत्तर पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सापडते. १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धे शतक चाललेल्या त्या कामात संपादकांनी सर्वांत जुना सिद्ध होऊ शकेल असा पाठ वर छापला, पण गाळलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. कोणत्या प्रदेशाने महाभारतात काय घातले, हाही इतिहासच आहे, ही जाणीव त्यामागे होती.

मद्रासच्या कारखान्यातून निघालेल्या रूपातील बुलेट अनेक आहेत. संग्राहकांनी त्या उत्तम राखल्या आहेत. कापसाच्या ग्रेडरची पेटी लावलेली बुलेट आमच्या माहितीत ही एकच. एकाधिकार खरेदी केव्हाच संपली. आमचा जिल्हा आज सोयाबीनचा आहे, आणि वर्गातील विद्यार्थ्यांना ग्रेडर म्हणजे काय हे समजावून सांगावे लागते. त्या व्यवस्थेचे कायदे ग्रंथालयात मिळतील. पण नमुने घेऊन एक माणूस दिवसाला किती गावे गाठत होता, कोणत्या बाजूला भार घेऊन चालवत होता, याचा पुरावा त्या पेटीत आणि तिच्या वजनाने किंचित कललेल्या मागच्या मडगार्डात आहे. तो प्रक्षेप नव्हे, तो या प्रतीचा स्थानिक पाठ आहे. पेटी आम्ही ठेवली. झाकणावरील ‘जा’ तसाच ठेवून त्यावर पारदर्शक लेप दिला. पुसलेली नावे पुन्हा रंगवण्याचा मोह झाला होता. पण ते अक्षर आमचे झाले असते, त्यांचे नव्हे.

व्हिंटेज नोंदणीचा विचार सोडला आणि नेहमीच्या नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करून घेतले. क्रमांक अकोल्याचा, १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी मालिकेतला. १९९८ मध्ये वाशीम वेगळा जिल्हा झाला आणि एम.एच. ३७ आमच्या वाट्याला आले. गाडीने मात्र जिल्हा बदलला नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या वाहनांनाही उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाल्याने रंगवलेली जुनी पाटी उतरवावी लागली. ती आता घरात भिंतीवर आहे.

राहिला मॉडिफिकेशनचा प्रश्न. गाडी लांबच्या प्रवासाला न्यायची तर काही बदल अटळ होते. सहा व्होल्टच्या दिव्यात रात्री रस्ता दिसत नाही. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते ओलावा ओढते आणि जुने रबर खाते. मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ तर नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदलांना मनाईच करते. तेव्हा आम्ही तीन नियम घातले. चेसिसला आणि इंजिनाच्या रचनेला हात लावायचा नाही. जे नवे जोडायचे ते क्लॅम्पने, पुन्हा काढता येईल असे, वेल्डिंगने नाही. आणि प्रत्येक बदल तारखेसह वहीत लिहायचा, म्हणजे आमचे कोणते आणि वडिलांचे कोणते हे पुढच्या वाचकाला कळेल. त्यानुसार विजेची जोडणी बारा व्होल्टची केली, पण जुने भाग कापडात गुंडाळून ठेवले. इंधनाच्या नळ्या बदलल्या. उजव्या अंगाला सामानाची जाळी क्लॅम्पने बसवली. अशा रीतीने वडिलांच्या वेल्डिंगला आम्ही दिलेली मोकळीक स्वतःला नाकारली. यात विसंगती आहे असा आक्षेप एका सहकाऱ्याने घेतला. आमचे उत्तर असे: गरजेपोटी बदल करणारा तो लेखक, आम्ही संपादक. दोघांचे अधिकार सारखे नसतात.

कार्तिकातल्या एका सकाळी पहिला प्रवास ठरला तो कारंज्याचाच. डीकॉम्प्रेशनचा खटका दाबला, अ‍ॅमीटरचा काटा मध्यावर आणला, खटका सोडून किक मारली. चौथ्या किकेला इंजिन बोलले. आमच्या जिल्ह्यातून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला आहे, पण त्यावर दुचाकींना प्रवेश नाही. म्हणून मंगरूळपीरवरून जुन्याच रस्त्याने गेलो. आईने ‘जिनाजवळ थांबून या’ एवढेच सांगितले होते. थांबलो.

आमच्या विद्यार्थ्यांच्या घरांतूनही अशी वाहने, शिलाई यंत्रे, डवरे, वजनकाटे आहेत आणि ती एकेक करून कबाड्याकडे जात आहेत. ती वाचवता येतीलच असे नाही. निदान पॉलिश कागद हाती घेण्यापूर्वी त्यांवर काय लिहिले आहे ते वाचावे, नोंदवावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, एवढी विनंती आहे. आम्ही विचारले, पण एक दुपार उशिरा.