फुटबॉलपटूचे आत्मचरित्र : कोरे पान आणि उसना 'मी'

इ. स. १९५५ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्लाउन प्रिन्स ऑफ सॉकर' या आत्मचरित्रात एक प्रकरण कोरे आहे. सर्वसाधारण संचालकाला फुटबॉलचे ज्ञान किती असते, अशा आशयाचे त्याचे शीर्षक. त्याखाली मजकुराची एक ओळही नाही. लेखकाच्या इच्छेवरून हे पान रिकामे ठेवले आहे, एवढी टीप मात्र आहे. ग्रंथाचा नायक लेन शॅकल्टन हा सन्डरलंड संघाचा विलक्षण गुणी आणि तितकाच खोडकर खेळाडू. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात तो अवघे पाच सामने खेळला. हे कोरे पान आजवर बहुधा विनोद म्हणून सांगितले गेले आहे. विनोद तो आहेच. परंतु या वाङ्मयप्रकाराच्या इतिहासात त्या पानाला जे स्थान आहे, ते केवळ विनोदाचे नव्हे.

व्यावसायिक फुटबॉलपटूच्या आत्मचरित्राला साहित्याच्या परीक्षकाने सहसा दारातूनच परत पाठविले आहे. आक्षेप दोन. पहिला असा की, या ग्रंथांचा साचा ठरलेला असतो : गरिबीचे घर, गल्लीतला चेंडू, शोधक माणसाची दारावरची थाप, पहिला पगार, चषकाचा अंतिम सामना, गुडघ्याची दुखापत आणि अखेरीस सर्वांचे आभार. दुसरा आक्षेप अधिक गंभीर. हे ग्रंथ ज्याच्या नावावर असतात, त्याने ते लिहिलेलेच नसतात. एखादा क्रीडावार्ताहर खेळाडूसमोर बसतो, त्याच्याकडून हकिकती काढून घेतो आणि त्यांना प्रथमपुरुषी वेष चढवितो. शॅकल्टनच्या ग्रंथालाही डेव्हिड जॅक या वृत्तपत्रलेखकाचे संपादन लाभले होते.

पहिल्या आक्षेपात फारसे तथ्य नाही. साचा तर संतचरित्रांनाही असतो. दुसऱ्याचा मात्र विचार केला पाहिजे. दुसऱ्याच्या हाताने लिहिणे आपल्या परंपरेला परके नाही. व्यासांनी सांगितले आणि गणेशाने लिहिले, ही कथा सर्वश्रुत आहे. ज्ञानेश्वरीचे लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचे नाव परंपरेने आदराने जपले आहे. पण त्या ठिकाणी शब्द सांगणाऱ्याचा होता. लेखनिकाने तो उतरून घेतला. फुटबॉलपटूच्या बाबतीत जीवन खेळाडूचे आणि शब्द लेखनिकाचा, अशी उलटी वाटणी होते. शिवाय त्या लेखनिकाचे नाव पुष्कळदा मुखपृष्ठावर येतच नाही. मराठीत अशा ग्रंथाचे भाषांतर करू पाहणाऱ्याची पहिली अडचण म्हणूनच 'ऑफसाइड' किंवा 'पेनल्टी' ही नसते. 'मी' ही असते. हा 'मी' कोणत्या बोलीत बोलावा, गिरणीगावातल्या पोराच्या की रविवारच्या वृत्तपत्राच्या, याचा निर्णय मूळ ग्रंथानेच केलेला नसतो.

तथापि 'हे कोणी लिहिले?' या प्रश्नाआधी आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : या माणसाला काय बोलण्याची मुभा होती? त्याचे उत्तर त्याच्या करारात सापडते. इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना मान्यता मिळाली, १८८८ मध्ये फुटबॉल लीग स्थापन झाली आणि १९०१ पासून वेतनाला कमाल मर्यादा घालण्यात आली. ती आठवड्याला ४ पौंड होती. वाढत वाढत ती १९४७ मध्ये १२ पौंडांवर आणि १९५८ मध्ये २० पौंडांवर आली. त्याहून जाचक होता तो खेळाडूला राखून ठेवण्याचा नियम. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्याच हाती राही. क्लबने सोडल्यावाचून त्याला लीगमधील दुसऱ्या क्लबाकडून खेळता येत नसे. खाणीतला मजूर निदान एक खाण सोडून दुसऱ्या खाणीत जाऊ शके.

हे ध्यानात ठेवून जुन्या ग्रंथांची नुसती शीर्षके वाचली, तरी पुष्कळ उलगडा होतो. टॉमी लॉटनने १९४६ मध्ये आपल्या ग्रंथाला 'फुटबॉल इज माय बिझनेस' असे नाव दिले. फुटबॉल हा माझा धंदा आहे. पुढच्याच वर्षी चेल्सीने त्याला तिसऱ्या श्रेणीतील नॉट्स काउंटी संघाला २०,००० पौंडांना विकले. ती त्या काळातील विक्रमी किंमत होती, आणि त्याला नियमाने मिळू शकणारा हंगामातील पगार आठवड्याला १२ पौंड होता. धंदा होता खरा. फक्त तो लॉटनचा नव्हता. १९४९ मध्ये स्टॅन्ली मॉर्टन्सनचा ग्रंथ आला, त्याचे नाव 'फुटबॉल इज माय गेम'. हे लॉटनला दिलेले उत्तर होते की केवळ योगायोग, कोण जाणे. पण एकाच पिढीतील दोन आघाडीवीरांनी एकाच वाक्यातील एक शब्द बदलून जणू सारा वादविषय मांडून ठेवला. (भारतात फुटबॉल दीर्घकाळ अव्यवसायी म्हणविला गेला. १९६२ च्या आशियाई क्रीडास्पर्धेतील विजयी कर्णधार चुनी गोस्वामी यांच्या बंगाली आत्मकथनाचे नाव 'खेलते खेलते' असे आहे. लॉटनला हे नाव सुचले नसते.)

त्या काळचे बहुतेक ग्रंथ विनयाने ओथंबलेले आहेत. संचालक सज्जन, व्यवस्थापक पितृतुल्य आणि सहकारी जिवाभावाचे. या विनयाला परीक्षक नीरसपणा म्हणतो. त्यामागे भय होते. भय निराधार नव्हते, हे ट्रेव्हर फोर्डच्या बाबतीत दिसून आले. हा वेल्श आघाडीवीर सन्डरलंडमध्ये शॅकल्टनचा सहकारी होता. दोघांचे मुळीच पटत नसे, ही गोष्ट वेगळी. 'आय लीड द अटॅक' या १९५७ च्या ग्रंथात आणि त्याआधी वृत्तपत्रातून त्याने लपूनछपून दिल्या जाणाऱ्या पैशांविषयी लिहिले. त्याच्यावर निलंबनाची पाळी आली आणि पुढची वर्षे त्याने हॉलंडमध्ये आइंडहोव्हनच्या संघातून खेळून काढली. वस्तुतः त्याचे म्हणणे पोकळ नव्हते. त्याच १९५७ मध्ये अशा बेकायदा देण्यांबद्दल सन्डरलंड क्लबला ५,००० पौंड दंड झाला आणि काही संचालकांवरही कारवाई झाली.

फोर्डने लिहिले, त्याच्या दोन वर्षे आधी शॅकल्टनने लिहिले नाही. आणि न लिहूनच तो अधिक बोलून गेला. कोऱ्या पानावर अब्रुनुकसानीचा दावा लावता येत नाही. कोऱ्या पानाबद्दल निलंबन करावयाचे, तर त्यावर काय लिहिले असते हे संचालकांना स्वतःच सांगावे लागले असते. त्या पानाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. सबंध ग्रंथात लेखनिकाच्या शब्दकळेला तेथेच प्रवेश मिळालेला नाही. या वाङ्मयप्रकारातील सर्वांत निःसंशयपणे स्वहस्ते लिहिलेले पान ते कोरे पानच होय.

जानेवारी १९६१ मध्ये जिमी हिलच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली आणि वेतनमर्यादा गेली. हिलने त्याच वर्षी 'स्ट्रायकिंग फॉर सॉकर' हा ग्रंथ काढला. १९६३ मध्ये जॉर्ज ईस्टमच्या खटल्यात न्यायमूर्ती विल्बरफोर्स यांनी राखून ठेवण्याची पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावरील अन्याय्य बंधन ठरविली. खेळाडूची जीभ आता सुटेल, अशी अपेक्षा होती. ती सुटली, पण लगोलग प्रकाशकाने विकत घेतली. जॉर्ज बेस्टचे पहिले आत्मकथन १९६८ मध्ये, त्याच्या बाविसाव्या वर्षी आले. २००६ मध्ये वेन रूनी विशीत होता. त्या वयात त्याने पाच ग्रंथांचा करार केला. पाच ग्रंथांपुरते जीवन अद्याप जगावयाचे होते! त्याच वर्षीच्या 'माय डिफेन्स' मध्ये ॲशली कोलने सांगितले आहे की, आठवड्याला ६०,००० ऐवजी ५५,००० पौंडच देऊ केल्याचे दूरध्वनीवर ऐकून संतापाने त्याची मोटार रस्त्याबाहेर जाता जाता राहिली. वाचक हसले, वृत्तपत्रांनी झोडपले. इतिहासाच्या अभ्यासकाने तेथे थोडे थांबावे. कोलची तक्रार रकमेत हास्यास्पद असली तरी स्वरूपात लॉटनचीच आहे : शब्द दिला, पाळला नाही आणि बाजारात किंमत माझी लागली.

या दोन टोकांच्या मध्ये एक ग्रंथ असा आहे की, ज्याला कोणत्याही सवलतीची गरज नाही. एमन डन्फी हा आयरिश खेळाडू दुसऱ्या श्रेणीतील मिलवॉल संघात होता. १९७३-७४ च्या हंगामाची त्याची रोजनिशी 'ओन्ली अ गेम?' या नावाने १९७६ मध्ये आली. येथे चषक नाही, कीर्ती नाही. हंगाम आशेने सुरू होतो. मग संघ हरू लागतो, डन्फीला वगळले जाते आणि हंगाम अर्धा असतानाच तो क्लब सोडतो. आपल्या जागी आलेला सहकारी वाईट खेळावा, अशी इच्छा आपल्या मनात येते हे तो पाहतो आणि लिहून ठेवतो. आत्मचरित्राला लागणारे धैर्य ते हेच. पंधरा वर्षांपूर्वीच्या पराक्रमाची फुशारकी नव्हे. रोजनिशीचे रूप येथे फार उपकारक ठरले आहे. पुढे काय होणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसल्यामुळे शहाणपणाचा मागाहून चढविलेला मुलामा तिला नाही. शीर्षकातील प्रश्नचिन्ह मॉर्टन्सनच्या शीर्षकाशेजारी ठेवून पाहावे. या ग्रंथालाही पीटर बॉल या पत्रकाराचे साहाय्य होते. तेव्हा लेखनिक असणे हाच दोष, हे म्हणणे टिकत नाही.

दैवाचा खेळ असा की, हाच डन्फी पुढे रॉय कीनचा लेखनिक झाला. एप्रिल २००१ मध्ये कीनने आल्फ-इंगे हालांद या प्रतिस्पर्ध्यावर घातलेली धाड पंचांनी मैदानावरच दंडिली होती आणि त्यासाठी तीन सामन्यांची बंदी त्याने भोगलीही होती. परंतु ऑगस्ट २००२ मध्ये आत्मचरित्र आले. त्यातील सूडाच्या वाक्यांनी ते प्रकरण पुन्हा उभे केले आणि इंग्लिश फुटबॉल संघटनेने कीनला पाच सामन्यांची बंदी व दीड लाख पौंडांचा दंड ठोठावला. शब्द डन्फीचे आहेत, असा बचाव कीनच्या बाजूने मांडला गेला. तो चालला नाही. साहित्यसमीक्षेत निवेदक आणि लेखक यांतील भेदावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. येथे एका शिस्तपालन समितीला तोच प्रश्न सोडवावा लागला आणि तिने तो हिशेबी पद्धतीने सोडविला. ज्याच्या नावाचा 'मी', दंड त्याला.

बारा वर्षांनी, २०१४ मध्ये, कीनचा दुसरा ग्रंथ निघाला. या वेळी लेखनिक होता बुकर पारितोषिक मिळविलेला कादंबरीकार रॉडी डॉइल, आणि त्याचे नाव मुखपृष्ठावर कीनच्या नावाबरोबर छापलेले आहे. ग्रंथाच्या आरंभीच त्या जुन्या सुनावणीचे वर्णन येते. डन्फी साक्षीला उभा आहे आणि हालांदला इजा करण्याचा कीनचा हेतू होता काय, असे त्याला विचारले जाते. पहिल्या ग्रंथाचा 'मी' जो लिहून गेला, तोच होकार आता तो स्वतःच्या तोंडाने देतो. आणि शेजारी बसलेला कीन ते ऐकत असतो.