विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

सौंसर व पांढुर्णा हा मुलूख 1956 पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. पुढे राजधानी भोपाळला गेली. दुखणाईताची वाट मात्र नागपूरचीच राहिली. त्याच नागपूरच्या शुक्ला व सोलंकी ह्यांनी 1958 मध्ये 'लॅन्सेट' नियतकालिकात मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली.

त्यापूर्वी शिकागोच्या हेरिक ह्यांनी 1910 मध्ये विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले होते. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, हे पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1949 मध्ये दाखविले. प्राणवायू कमी पडताच पेशी ताठरते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडे असह्य ठणकू लागतात. हा संधिवात असावा, असा समज सहज होतो.

एका पालकाकडून दोष आला तर मूल केवळ वाहक ठरते, बहुधा निरोगी असते आणि हिवतापापासून त्याला थोडे संरक्षणही लाभते. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भाला व्याधीचा धोका चारांत एक. रोगी मूल जन्मले म्हणून एकट्या सुनेला बोल लावणाऱ्यांनी हे गणित एकदा तरी ऐकावे!

2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचारास मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर ठरली. हायड्रॉक्सीयुरियाची साधी गोळी मात्र वेदनेचे झटके कमी करते. त्याच वर्षी 1 जुलैला मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. प्राथमिक तपासणीस रक्ताचा थेंब पुरतो: द्रावण गढूळले, तर पुढची चाचणी.