पहिला नंबर सोडणारा माणूस

परळचं केईएम आम्हा चिपळूणकरांना परकं नाही. गावच्या डॉक्टरने हात टेकले की पेशंटला मुंबईला न्यायचं, ते बरेचदा केईएमलाच. याच हॉस्पिटलात ६ ऑगस्ट १९८६ रोजी हर्षाचा जन्म झाला. भारतातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी! केईएमच्या डॉ. इंदिरा हिंदुजा, आणि परळच्याच इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार, या दोघांच्या टीमचं हे यश.

नावात ट्यूब असली तरी काम चालतं बशीत. बीजांड बाहेर काढायचं, शुक्रजंतूंशी मिलन घडवायचं, शरीराइतक्याच तापमानात जपायचं. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होताना मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि मग गर्भ आईच्या पोटात सोडायचा.

गोष्ट इथेच संपायची. पण कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हाच दावा आठ वर्षं आधी केला होता. जगातली पहिली, इंग्लंडची लुईस ब्राऊन, २५ जुलै १९७८ ची. त्यांची 'दुर्गा' ३ ऑक्टोबर १९७८ ची, म्हणजे फक्त सव्वादोन महिन्यांनी! शिवाय त्यांनी गर्भ आधी गोठवून ठेवला होता आणि नंतरच्या पाळीचक्रात आईच्या पोटात सोडला होता. सरकारी चौकशी समितीने दावा फेटाळला. जपानला जाऊन काम मांडायची परवानगी मिळाली नाही. पुढे बदली झाली ती नेत्रविभागात. १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

गोठवलेल्या गर्भापासून गर्भधारणा झाल्याचं ऑस्ट्रेलियातून जाहीर झालं ते १९८३ मध्ये.

१९९७ मध्ये मुखोपाध्यायांची कागदपत्रं आनंद कुमारांच्या हाती आली. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात दुसऱ्याचा कोड खरा कळतो तो तसलाच कोड स्वतः लिहिलेल्याला. इथेही तेच झालं. समितीला जे पटलं नव्हतं, ते बशीतला गर्भ स्वतः सांभाळलेल्या माणसाला पटलं. त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये सरळ लिहून टाकलं, की भारतातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे शिल्पकार मुखोपाध्यायच.

म्हणजे स्वतःचा पहिला नंबर स्वतःच्या हाताने खोडला. कोणी मागितला नव्हता, आणि ते गप्प बसले असते तर कोणाला कळलंही नसतं.

आज गर्भ गोठवणं आयव्हीएफ सेंटरमध्ये रोजचं काम आहे. हर्षाचं कौतुक त्याने तसूभरही कमी होत नाही. पण माझ्या मते आनंद कुमारांची खरी मोठी कामगिरी १९८६ ची नाही, १९९७ ची आहे.