कॅम्पर व्हॅनच्या एंजिनाचे शीतन

झोपणे, स्वयंपाक करणे व सामान ठेवणे यांची सोय आतच केलेल्या प्रवासी वाहनाला कॅम्पर व्हॅन म्हणतात. मूळची मालवाहू किंवा प्रवासी व्हॅन घेऊन तिच्यात ही सोय केलेली असते. त्यामुळे वाहनाचा भार वाढतो, पेटीसारख्या उंच आकारामुळे हवेचा विरोधही मोठा असतो. एंजिन मात्र पूर्वीचेच राहते. अशा वाहनाचे एंजिन चढावर किंवा उन्हाळ्यात मर्यादेबाहेर तापणे ही नेहमीची तक्रार होय. तापणे हा स्वतः दोष नसून दोषाचे लक्षण आहे. ते कोणत्या दोषाचे, हे ओळखण्याची रीत शीतनाची योजना बदलत गेली तसतशी बदलत आली. म्हणून दोषनिदानाचा विचार या योजनेच्या इतिहासासह करणे सोयीचे ठरते.

पेट्रोल एंजिनात इंधनापासून मिळणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एकतृतीयांश भाग उपयुक्त कार्यात रूपांतरित होतो, तितकाच निष्कास वायूंबरोबर निघून जातो आणि उरलेला सिलिंडरच्या भिंती व शीर्ष यांना मिळतो. ज्वलनाच्या वेळी वायूंचे तापमान २,०००° से. च्या वर जाते, तर अनेक एंजिनांची शीर्षे ज्या ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूंची असतात त्या ॲल्युमिनियमाचा वितळबिंदू सु. ६६०° से. आहे. भिंतींना मिळालेली उष्णता सतत काढून घेतली नाही, तर वंगण तेलाचा थर जळतो, दट्ट्या सिलिंडरात अडकतो व शीर्ष वाकते. उलट एंजिन गरजेपेक्षा थंड राहिल्यास इंधन नीट जळत नाही व झीज वाढते. सारांश, एंजिन केवळ थंड ठेवून भागत नाही, तर त्याचे तापमान ठराविक मर्यादेत राखावे लागते.

इतिहास : कार्ल बेंझ यांच्या १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत पाणी सिलिंडरभोवती उकळू दिले जाई व त्याची वाफ हवेत सोडली जाई. एक किग्रॅ. पाण्याची वाफ होताना सु. ५४० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. त्यामुळे ही योजना साधी असूनही परिणामकारक होती. तिची किंमत पाण्याच्या रूपाने मोजावी लागे. ऑगस्ट १८८८ मध्ये बेर्टा बेंझ यांनी दोन मुलांसह मानहाइम ते प्फोर्ट्‌सहाइम असा सु. १०० किमी. चा प्रवास याच मोटारीने केला, तेव्हा त्यांना वाटेत वारंवार पाणी भरून घ्यावे लागले. लांब पल्ल्याच्या मोटार प्रवासाची सुरुवातच अशी पाणी शोधण्याने झाली.

तेच पाणी थंड करून पुन्हा वापरण्याचा समाधानकारक मार्ग व्हिल्हेल्म मायबाख यांनी काढला. डिसेंबर १९०० मध्ये तयार झालेल्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीज मोटारीचा रेडिएटर मधमाश्यांच्या पोळ्यासारखा होता. सहा मिमी. बाजूच्या चौकोनी अशा ८,०७० लहान नळ्यांमधून हवा जाई व नळ्यांमधील फटींतून पाणी फिरे. हवेशी संबंध येणारे पृष्ठफळ इतके वाढल्याने केवळ ९ लि. पाण्यावर काम भागू लागले. रेडिएटर पुढे व त्यामागे एंजिन ही मोटारीची परिचित ठेवण येथून रूढ झाली.

फोर्ड कंपनीच्या १९०८ सालच्या मॉडेल टी मोटारीच्या आरंभीच्या काही गाड्यांना पाण्याचा पंप होता. पुढे तो काढून टाकण्यात आला. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड झालेले खाली येते, एवढ्यावरच पाण्याचे अभिसरण चाले. बिघडण्याजोगा भागच नसल्याने शेतकऱ्यांच्या हाती ही योजना चांगली टिकली; पण तीत पाण्याची पातळी थोडी खाली गेली, तरी अभिसरण थांबे. याच सुमारास रेडिएटरच्या टोपणावर बसवायचा तापमापक प्रचारात आला. तो पाण्याचे नव्हे, तर पाण्यावरील वाफेचे तापमान दाखवी. चालकाला आपल्या आसनावरून एंजिनाची स्थिती कळावी असा हा पहिला यशस्वी प्रयत्न होता.

पुढील तीस वर्षांत तीन बदल झाले व आजची योजना सिद्ध झाली. पंप पुन्हा आला. एंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी थर्मोस्टॅट ही झडप आली. आरंभी तिच्यात बाष्पशील द्रवाने भरलेला भाता असे, १९३०–४० या दशकात मेणाच्या प्रसरणावर चालणारा प्रकार निघाला. तिसरा बदल सर्वांत दूरगामी ठरला. रेडिएटरचे टोपण दाब धरणारे करण्यात आले. वातावरणाच्या दाबाहून एक वातावरण अधिक दाब असल्यास पाणी १००° ऐवजी सु. १२०° से. ला उकळते. विमानाच्या एंजिनांतही हाच मार्ग पत्करण्यात आला. रोल्स-रॉइस मर्लिन एंजिनात आरंभी निव्वळ एथिलीन ग्लायकॉल वापरत. पुढे दाबाखालील पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण आले. मोटारींत ग्लायकॉल १९२७ पासून प्रामुख्याने हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून विकले जाऊ लागले. भारतातील मैदानी प्रदेशात पाणी गोठत नसल्याने ते अनावश्यक आहे, असा समज त्यामुळे रूढ झाला. वस्तुतः ते उकळबिंदू वाढवते आणि त्यात मिसळलेली रसायने गंज रोखतात. आपल्याकडील कितीतरी एंजिने नावाने झालेल्या या दिशाभुलीला बळी पडली आहेत.

दाबाच्या योजनेने लहान रेडिएटरवर मोठे काम होऊ लागले, परंतु दोष मात्र दृष्टीआड गेला. उघड्या योजनेत पाणी कमी झाले की वाफ दिसे व चालक थांबे. बंद योजनेत टोपणाची कमकुवत स्प्रिंग, नळीची बारीक चीर किंवा आत अडकलेली हवा यांपैकी काहीही बाहेरून दिसत नाही. दाब टिकला नाही, तर पाणी पूर्ण भरलेले असूनही ते एंजिनात उकळते. यानंतरचे निदान अनुमानाने करावे लागू लागले.

हवेने शीतन : पाणीच नको, हा विचारही जुना आहे. अमेरिकेत फ्रँकलिन कंपनीने १९०२ ते १९३४ पर्यंत हवेने थंड होणारी एंजिने यशस्वीपणे विकली. उलट शेव्हरोलेची तांब्याचे पंख असलेली १९२३ सालची मोटार तापण्याच्या तक्रारींमुळे कंपनीला परत घ्यावी लागली. या पद्धतीचा खरा प्रसार फोक्सवॅगनने केला. या कंपनीच्या टाइप २ व्हॅनचे उत्पादन मार्च १९५० मध्ये सुरू झाले. मागच्या बाजूस बसविलेले १,१३१ घ. सेंमी. चे, २५ अश्वशक्तीचे एंजिन एका पंख्याच्या झोताने थंड होई. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ पासून या व्हॅनसाठी निवासी साहित्य पुरविण्यास आरंभ केला व कॅम्पर व्हॅन सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. १९६०–८० या काळात यूरोपातून तुर्कस्तान, इराण व अफगाणिस्तानमार्गे भारतात येऊन गोव्यातील कळंगूट, हणजूण येथील किनाऱ्यांवर मुक्काम करणाऱ्या तरुण प्रवाशांपैकी अनेकांचे वाहन हेच होते. वाळवंटात पाणी शोधावे न लागणे हा त्याचा मोठा गुण होता. इराणमधील क्रांती व अफगाणिस्तानात रशियन सैन्याचा प्रवेश या १९७९ मधील घटनांनी तो मार्ग बंद पडला.

या व्हॅनमध्ये तापमान दाखविणारा काटा सहसा नसे. एकाच पट्ट्यावर शीतनाचा पंखा व विद्युत् जनित्र दोन्ही फिरत असल्याने जनित्राचा लाल दिवा लागला, की पट्टा तुटला असण्याचा संभव असे व मग चालकाने तत्काळ थांबणे आवश्यक असे. ज्याने तो दिवा विजेपुरताच मानला, त्याचे एंजिन काही किमी. मध्येच निकामी होई. एंजिनाभोवतीचे पत्रे सैल असणे किंवा रबरी पट्टी गळून पडणे हे दुसरे कारण होय. त्यामुळे खालची तापलेली हवा पुन्हा पंख्यात ओढली जाई. बाहेरून सर्व ठीक दिसत असूनही तापणाऱ्या एंजिनात बहुधा हाच दोष सापडे.

पाण्याकडे परत : आवाज, प्रदूषणाचे कडक नियम आणि हिवाळ्यात आतील ऊब या तिन्ही बाबतींत हवेचे शीतन कमी पडू लागले. १९७९ मध्ये आलेल्या टाइप २ च्या तिसऱ्या पिढीला १९८२ मध्ये पाण्याने थंड होणारे १·९ लि. चे एंजिन देण्यात आले. त्यात सिलिंडर पूर्वीप्रमाणेच समोरासमोर आडवे होते. एंजिन मागे व रेडिएटर नाकाशी राहिल्याने दोहोंमध्ये सु. तीन मी. अंतर पडले, ते लांब नळ्यांनी जोडावे लागले आणि योजनेत १६ ते १८ लि. द्रव मावू लागला. मायबाखच्या ९ लिटरच्या तुलनेत ही गोष्ट नोंदण्याजोगी आहे. गाडीखालून जाणाऱ्या नळ्या, आतील हवा तापविणारे उपकरण व त्याचे फाटे यांमुळे हवा अडकण्याच्या जागा कितीतरी वाढल्या.

या एंजिनाचा कुप्रसिद्ध दोष मात्र निराळा होता. सिलिंडरभोवतीचे जलवेष्टन व ॲल्युमिनियमाचे शीर्ष यांच्यामध्ये रबराची स्वतंत्र सांधपट्टी होती. अयोग्य शीतकद्रव वापरल्यास तिच्याखालचा ॲल्युमिनियमाचा पृष्ठभाग खड्डे पडून कुरतडला जाई व पाणी गळू लागे. फॉस्फेटविरहित द्रवाचा आग्रह या एंजिनांबाबत धरला जातो, तो यामुळेच. येथे रसायनाची चूक यंत्राच्या दोषाच्या रूपाने प्रकट होते. नवी सांधपट्टी घालून जुनाच द्रव भरल्यास गळती परत येते.

दोषनिदान : एंजिन केव्हा तापते, हा पहिला प्रश्न होय. थांबलेल्या किंवा संथ वाहतुकीत तापून वेगात गेल्यावर निवत असल्यास विद्युत् पंखा किंवा त्याचा तापस्विच सदोष असतो. उलट सपाटीवर ठीक राहून चढावर किंवा सलग वेगात तापत असल्यास रेडिएटर आतून क्षारांनी अथवा बाहेरून धूळ व किड्यांनी भरला आहे, किंवा पंपाचे पाते झिजले आहे, असे समजावे. खंडाळ्यासारख्या घाटात वाहनाचा वेग कमी व एंजिनावरील भार जास्त असतो. त्यातच वारा पाठीमागून असल्यास रेडिएटरला हवा मिळत नाही व एरवी लपून राहिलेली उणीव उघडी पडते. दख्खनच्या कित्येक भागांतील विहिरींचे पाणी कठीण असल्याने तेच वर्षानुवर्षे भरलेल्या रेडिएटरमध्ये क्षारांचा थर बसतो. सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापणाऱ्या एंजिनात थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असतो किंवा हवा कोंडलेली असते. थर्मोस्टॅट सामान्यतः ८५°–८७° से. ला उघडू लागतो. तो भांड्यातील पाण्यात तापमापकाशेजारी टांगून पाणी तापविले, की त्याची परीक्षा घरीही होते.

दर्शक काट्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. संवेदक पाण्यात बुडालेला असेल तोवरच तो खरे बोलतो. पाणी निघून गेले, की तो हवेत उघडा पडतो व काटा खाली येतो. तापलेल्या एंजिनाचा काटा एकाएकी उतरला, तर तो दिलासा नसून धोक्याची सूचना होय. याउलट उपर्युक्त तिसऱ्या पिढीच्या व्हॅनमध्ये पाण्याची पातळी दाखविणाऱ्या विद्युत् जोडणीतील बिघाडानेही लाल दिवा लुकलुकतो. म्हणून नळ्या चाचपणे, दोन टोकांचे तापमान मोजणे यांसारखी प्रत्यक्ष खात्री आवश्यक ठरते. रेडिएटरकडे जाणारी नळी गरम व परतणारी अगदी थंड असल्यास अभिसरण होत नसल्याचे उघड होते.

गळती बाहेर दिसत नसूनही पाणी कमी होत असेल, तर थंड एंजिनावर हातपंपाने टोपणावर नोंदलेल्या मर्यादेपर्यंत दाब देऊन तो टिकतो का, हे पहातात. टोपणाचीही तशीच वेगळी परीक्षा करतात. सर्वांत स्वस्त भाग असूनही तो बदलण्याचा विचार बहुधा शेवटी केला जातो. दाब देऊनही ठाव लागत नसल्यास ज्वलनवायू पाण्यात शिरत असल्याचा संशय घ्यावा लागतो. टाकीतील हवा निळ्या ब्रोमोथायमॉल ब्लू विद्रावातून ओढली असता त्यातील कार्बन डाय-ऑक्साइडामुळे विद्राव पिवळा पडतो व शीर्षाजवळील गॅस्केट फुटल्याचे सिद्ध होते.

दुरुस्ती : तापलेल्या एंजिनाचे टोपण कधीही उघडू नये. दाब जाताच १००° से. हून अधिक तापलेले पाणी क्षणात उकळते. वाफेचे आकारमान पाण्याच्या सु. १,६०० पट असल्याने चेहरा व हात गंभीर भाजतात. वाटेत काटा चढू लागल्यास भार कमी करून आतील हवा तापविण्याचे उपकरण पूर्ण चालू करावे. ते छोट्या रेडिएटरचे काम करते. थांबल्यावर एंजिन पूर्ण निवण्यापूर्वी थंड पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय आपल्याकडील कारागीर सर्रास करतात. तो तात्पुरता वाटला, तरी हानिकारकच आहे. एक तर एंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही. शिवाय ज्या एंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी तबकडी उपमार्ग बंद करते, त्यांत ती नसल्यावर पाणी रेडिएटरला टाळून उपमार्गानेच फिरत राहते व तापणे उलट वाढते.

मागे एंजिन असलेल्या व्हॅनमध्ये कोणत्याही दुरुस्तीनंतरचे कष्टाचे काम म्हणजे हवा काढणे होय. वाहनाचा पुढील भाग उचलून रेडिएटर उंच करतात, आतील तापक उपकरणाच्या झडपा उघडतात, एंजिन सु. २,००० फेरे प्रतिमिनिट ठेवून टाकीत द्रव घालत राहतात आणि रेडिएटरच्या माथ्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत वाट पहातात. घाईने अर्धवट सोडलेल्या या कामामुळे नवा पंप व नवा रेडिएटर घातलेली गाडीही पहिल्याच चढावर तापते आणि दोष नसलेले भाग पुन्हा बदलले जातात.

ब्राझीलमध्ये टाइप २ च्या दुसऱ्या पिढीवर आधारलेली व्हॅन डिसेंबर २०१३ पर्यंत तयार होत होती. तिलाही २००५ च्या अखेरीस पाण्याने थंड होणारे १·४ लि. चे एंजिन देण्यात आले आणि मूळच्या सपाट नाकावर रेडिएटरसाठी काळी जाळी बसविण्यात आली.